अज्ञानाची मुदत

बार्शी किंवा माढा तालुक्यातला जुना सातबारा चाळताना भोगवटादाराच्या रकान्यात कधी कधी वेगळी नोंद दिसते. आधी मुलाचं नाव, मग ‘अ. पा. क.’ ही तीन अक्षरं आणि त्यापुढे आईचं किंवा चुलत्याचं नाव. अज्ञान पालनकर्ता. बाप गेलेला असतो, वारस अठराच्या आत असतो आणि महसूल खात्याच्या भाषेत तोवर तो ‘अज्ञान’ असतो. या तीन अक्षरांमागे पुष्कळ कायदा उभा आहे. पालनकर्त्याने न्यायालयाची परवानगी न घेता ती जमीन विकली, तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. त्यासाठी १९६३ च्या मुदत कायद्याने तीन वर्षं दिली आहेत आणि ती खरेदीखताच्या तारखेपासून मोजायची नसून अठरावं वर्ष पूर्ण झाल्यापासून मोजायची आहेत. म्हणजे सहाव्या वर्षी विकलेल्या शेतासाठी एकविसाव्या वर्षापर्यंत कोर्टाची पायरी चढता येते. सोलापूरच्या दिवाणी कोर्टात अशा दाव्यात पहिला कागद लागतो तो वयाचा: शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंदीचा उतारा. मूल बोलू शकत नव्हतं, वकील लावू शकत नव्हतं, चुलत्याच्या घरातच जेवत होतं, तेव्हा तोवरचा काळ त्याच्या खात्यावर मांडायचा नाही, हे साधं शहाणपण त्यामागे आहे.

आता त्याच घरातली बारा वर्षांची बहीण घ्या. साल १९८५ धरू. त्याच चुलत्याने तिच्या अंगाला नको तिथे हात लावला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत याला ३५४ वं कलम होतं, विनयभंगाचं, आणि शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. दोन वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला फौजदारी प्रक्रिया संहितेने तीन वर्षांची मुदत घातली होती आणि ती मोजायची ती गुन्ह्याच्या दिवसापासून. मुलीची मुदत १९८८ मध्ये संपली. तेव्हा ती पंधराची होती आणि चुलत्याच्याच घरात राहत होती. भाऊ तिच्याच वयाचा, जुळा म्हणा, तर त्याची शेताची मुदत १९९४ पर्यंत चालली. चुलत्याने मुलीऐवजी मुलाला हात लावला असता, तर ३५४ लागूच होत नव्हतं, कारण ते कलम फक्त स्त्रीसाठी होतं. अनैसर्गिक संभोगाचं ३७७ सोडलं तर उरत होता साधा हल्ला किंवा साधी दुखापत, आणि त्याची मुदत एक वर्ष. एकाच देशाचे कायदे, एकच अज्ञान मूल. शेताच्या बाबतीत कायदा थांबला, अंगाच्या बाबतीत थांबला नाही. असं का झालं याचा इतिहास पाहिला तर दुष्टावा सापडत नाही, आणि ते जास्त त्रासदायक आहे. हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

इंग्रजांनी घालून दिलेल्या फौजदारी व्यवस्थेत सरकारच्या खटल्याला काळाचं बंधन नाही, असं मूळ तत्त्व होतं. १८९८ च्या प्रक्रिया संहितेत मुदतीचं प्रकरणच नव्हतं. दिवाणी दाव्यांना मात्र १८५९ पासून मुदतीचे कायदे होते. कर्ज, गहाण, ताबा यांचा निकाल कधीतरी लागलाच पाहिजे, नाहीतर बाजार चालत नाही. फौजदारीत हे उलटवलं ते स्वतंत्र भारताने. के. व्ही. के. सुंदरम यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९७१ च्या ४२ व्या अहवालात शिफारस केली की निदान किरकोळ गुन्ह्यांना तरी मुदत असावी. १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तेव्हा तिच्यात छत्तिसावं प्रकरण या नावाखाली ही मुदत आली. केवळ दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, वर्षभरापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला तीन वर्षं आणि त्यावर मुदत नाही. कारणं पटण्यासारखी होती. साक्षीदारांची आठवण पुसट होते, पुरावा हरवतो, माणसाच्या मानेवर जन्मभर टांगती तलवार ठेवू नये, पोलीस यंत्रणेने वेळेत हालचाल करावी. बाजारात झालेली धक्काबुक्की, दुकानदाराशी झालेली शिवीगाळ, परवान्याची चूक अशा गोष्टींसाठी यात वावगं काहीच नाही.

घोटाळा मोजपट्टीत होता. मुदत ठरली शिक्षेच्या आकड्यावरून, आणि शिक्षेचे आकडे १८६० च्या दंड संहितेतले. बाईच्या अंगाला हात लावण्याची किंमत त्या काळाने दोन वर्षं ठरवली होती, तिला उद्देशून अश्लील बोलण्याची एक वर्ष. शंभर वर्षांपूर्वीचा तो भाव १९७३ मध्ये कुणी पुन्हा तोलला नाही. तो जसाच्या तसा मुदतीच्या तक्त्यात उतरला. विनयभंग तीन वर्षांच्या रांगेत गेला, अश्लील शेरेबाजी एका वर्षाच्या. शिक्षा किती हे गुन्हा समाजाला किती गंभीर वाटतो ते सांगतं. तक्रार यायला किती वेळ लागेल हे त्यावरून कळत नाही. सायकल चोरीला गेली तर माणूस दुसऱ्या दिवशी चौकीत जातो. घरातल्याच माणसाने हात लावला तर आधी आई सांगते, गप्प बस. मग मुलगी स्वतःला सांगते, गप्प बस. गुन्हा आणि त्याचं बोलणं यांच्यातलं अंतर गुन्ह्याच्या जातीवर ठरतं, आणि छत्तिसाव्या प्रकरणात जात मोजायला रकानाच नाही.

बलात्काराला मुदत नव्हती, हे खरं. पण त्यातही एक कोपरा असा आहे की तो वाचून माणूस थबकतो. त्याच १९७३ च्या संहितेत १९८ व्या कलमाच्या सहाव्या पोटकलमात लिहिलं होतं की नवऱ्याने आपल्या अल्पवयीन बायकोवर केलेल्या बलात्काराची दखल घटनेनंतर एक वर्ष उलटल्यास कोणत्याही न्यायालयाने घेऊ नये. आधी वय पंधरा होतं, पुढे अठरा केलं. हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता. १८९० मध्ये कलकत्त्याला फुलमणी दासी ही अजाण बायको नवऱ्याच्या जबरीने मेली. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा आला आणि वय दहावरून बारा झालं. पुण्यात टिळक एका बाजूला, आगरकर, तेलंग, भांडारकर दुसऱ्या बाजूला, असा तो वाद वर्षभर पेटला. वाद वयावर चालला, परक्या सरकारच्या हस्तक्षेपावर चालला, शास्त्रवचनांवर चालला. पुढे वय तेरा झालं, पंधरा झालं. पण ती मुलगी तक्रार करणार कधी, कुणाच्या घरातून निघून, कुणाच्या पैशाने, हा विषय कोणत्याच फेरीत चर्चेला आला नाही. आणि ऐंशी वर्षांनी जेव्हा काळाचा उल्लेख कायद्यात आला, तेव्हा तो नवऱ्याच्या बाजूने आला.

सोलापूर जिल्ह्यात हे पोथीतलं उदाहरण नाही. ऊसतोडीला सहा महिने घर सोडणाऱ्या कुटुंबांत मुलीला मागे कुणाकडे ठेवायचं या धास्तीने तिचं लग्न लवकर उरकलं जातं. चौदाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी सोळाव्या वर्षी माहेरी परत आली असं धरू. त्या पोटकलमाप्रमाणे तिचं दार सतराव्या वर्षी बंद होतं, अजून ती अज्ञान असतानाच. त्याच मुलीला ते लग्न रद्द करून घ्यायचं असेल, तर २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा तिला सज्ञान झाल्यावर दोन वर्षं देतो, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत. तिच्या नावची जमीन कुणी विकली असेल, तर एकविसाव्या वर्षापर्यंत. अज्ञान मुलाचा काळ सज्ञान होण्यापासून मोजावा हे तत्त्व संसदेला माहीत होतं, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? लग्नाच्या कागदासाठी ते मान्य आहे, शेताच्या कागदासाठी मान्य आहे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने, ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणतो, अशा मुलीला दुसरा रस्ता उघडला आहे आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराखालच्या बायकोला बलात्काराच्या व्याख्येत आणलं, हे मान्य. तरी २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, २१९ व्या कलमात, ती एका वर्षाची अट पुन्हा जशीच्या तशी उतरली.

मधल्या काळात सुधारणा झाल्या नाहीत असं नाही. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या मथुरा बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा झाला, संमतीच्या गृहीतकावर मर्यादा आली. मुदतीच्या प्रकरणाला हात लागला नाही. १९९१ मध्ये आंध्र प्रदेशाने आपल्यापुरतं ३५४ कडक केलं, शिक्षा पाच ते सात वर्षं, आणि त्या क्षणी तिथे विनयभंगाची मुदत आपोआप नाहीशी झाली. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या कितीतरी तेलुगू बायकांची सोयरीक तेव्हाच्या आंध्रात होती. लग्नाकार्याला वरंगळला गेल्यावर तिथे विनयभंग झाला तर तक्रारीला मुदत नाही. तोच अपराध सोलापुरात विडी शाखेच्या दारात, विड्या तपासून नापास काढणाऱ्या माणसाने केला, तर तीन वर्षं. रेल्वेच्या एका प्रवासाइतकं अंतर आणि न्यायाचं घड्याळ वेगळं. वीस वर्षं हे असं चाललं.

मग २०१३ चा वसंत आला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने महिनाभरात, २३ जानेवारीला अहवाल दिला. ३ फेब्रुवारीला वटहुकूम निघाला. १९ मार्चला लोकसभेत विधेयक मांडायला उभे राहिले ते केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे, सोलापूरचे खासदार. सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाला म्हणून नोकरीला लागलेला, पुढे पोलीस उपनिरीक्षक झालेला हा माणूस. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करण्यापासून फिर्याद लिहून घेण्यापर्यंत सगळी साखळी त्यांनी आतून पाहिली होती. चर्चा गाजली ती संमतीच्या वयावर, सोळा की अठरा, आणि पाठलागाच्या व्याख्येवर. विनयभंगाची शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर गेली, किमान एक वर्ष ठरली. त्यामुळे चाळीस वर्षं चालत आलेली मुदत एका फटक्यात गेली, पण विधेयकाच्या मजकुरात ‘मुदत’ हा शब्दही त्यासाठी लिहावा लागला नाही. शिक्षा वाढवताना ती बाजूला पडली, एवढंच. म्हणूनच ती अर्धीच गेली. अश्लील शेरेबाजीची शिक्षा एकवरून तीन वर्षं झाली, तिची मुदत एक वर्षाची तीन वर्षं झाली. पाठलागाच्या पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षं, म्हणजे मुदत तीन वर्षं. लैंगिक छळाच्या नव्या कलमात अश्लील शेऱ्याला एक वर्ष, म्हणजे मुदत एक वर्ष.

त्या वसंतातली दुसरी घटना कमी आठवली जाते. त्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली २ एप्रिलला. वीस दिवसांनी, २२ एप्रिलला, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यावर सही झाली आणि त्याच्या नवव्या कलमात नवी मुदत जन्माला आली: तक्रार तीन महिन्यांत. कारणं लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापलीकडे नाही. १९९७ च्या विशाखा निकालातल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तक्रारदार बाईवर अशी मुदत नव्हती. वर्मा समितीने तर ही तीन महिन्यांची अट काढून टाका असं लेखी सांगितलं होतं. अहवालानंतर महिनाभराने, २६ फेब्रुवारीला, राज्यसभेने अट कायम ठेवून विधेयक संमत केलं. एकाच संसदेने एकाच ऋतूत एक मुदत नकळत काढली आणि दुसरी कळून-सवरून घातली. विडी कामगार बाईसाठी या कायद्यात जिल्हा पातळीवरची स्थानिक तक्रार समिती आहे. हजार विड्यांचा हिशेब ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध तिने तीन महिन्यांत अर्ज करावा अशी अपेक्षा आहे. तीन महिन्यांत तिला दुसरी शाखासुद्धा मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगालमधल्या एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली आणि त्याच आदेशात त्या प्रकरणाची नोंद संबंधिताच्या बायोडेटात ठेवायला सांगितली. मुदतीने तक्रार फेटाळायची आणि नोंद मात्र कायम ठेवायची, हे न्यायालयालाच मुदतीची बोच लागल्याचं लक्षण आहे, असं मला वाटतं.

मुदतीच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद पुराव्याचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पंधरा वर्षांनी साक्षीदार कुठून आणायचे? आरोपी त्या दिवशी सोलापुरात नव्हता हे दाखवायला त्याच्याकडे एसटीचं तिकीट राहिलेलं असेल का? खोटी तक्रार जितकी जुनी तितकी खोडायला अवघड. पण हा युक्तिवाद खुनालाही लागू आहे, दरोड्यालाही आणि बलात्कारालाही. तिथे आपण मुदत घातली नाही, तरी जुने खटले कोसळतात ते पुराव्याअभावी, साक्ष तपासून. सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवरच राहतो आणि उशीर तिच्याच विरुद्ध तोलला जातो. मुदत त्याआधीच दार लावते. मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला आदेश बघा. २००८ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी विनयभंग झाल्याची तक्रार एका अभिनेत्रीने २०१८ मध्ये ओशिवरा पोलीस ठाण्यात केली होती. आरोप नाकारले गेले, पोलिसांनी २०१९ मध्ये बी समरी, म्हणजे तक्रार खोटी असल्याचा अहवाल, दिला. (नावं महाराष्ट्राला ठाऊक आहेत, इथे त्यांचं काम नाही.) न्यायालयाने म्हटलं की तीन वर्षांची मुदत संपून सात वर्षं झाल्यावर तक्रार आली, विलंबाला माफी मागणारा अर्जही नाही, म्हणून दखल घेता येत नाही. घटना खरी की खोटी, हे सांगता येत नाही. म्हणजे तक्रारदाराला न्याय मिळाला नाही हे तर उघड आहेच, पण आरोप झालेल्यालाही निर्दोष असल्याचा निकाल मिळाला नाही. पुराव्याची तपासणी टाळणारी मुदत खऱ्या निर्दोष माणसाचंही नुकसान करते.

विलंबमाफीचा उल्लेख आला, तेव्हा दुसरा आक्षेपही घेऊ. संहितेचं ४७३ वं कलम, आताचं ५१९, न्यायाच्या हितासाठी मुदतीनंतरही दखल घेऊ देतं. मग तक्रार कसली? १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहातल्या छळाच्या प्रकरणात सांगितलं होतं की हे कलम मोकळ्या हाताने वापरा. २०१३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी हेही ठरवलं की मुदत मोजायची ती तक्रार दाखल झाल्याच्या तारखेपर्यंत, न्यायाधीशाने दखल घेतल्याच्या तारखेपर्यंत नव्हे. चांगले निकाल आहेत. पण माफी मागावी लागते, आणि मागायची कुणी? जी पंधरा वर्षं बोलली नाही तिने, आधी आपल्या गप्प बसण्याचं समर्थन करून. सातबाऱ्यावरच्या मुलाला कोर्टात असं काही मागावं लागत नाही. त्याचा जन्मदाखला पुरतो.

पोक्सो आल्यावर हा प्रश्न मिटला, असं ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राच्या विधी मंत्रालयाने कळवलं. मेनका गांधी यांच्या महिला व बालविकास मंत्रालयाने विचारलं होतं, लहानपणी अत्याचार झालेल्या मोठ्या माणसाला आज तक्रार करता येईल का? उत्तर आलं की त्या कायद्याच्या १९ व्या कलमात तक्रारीला मुदत नाही. खरं आहे, पण पुरेसं नाही. मुलाच्या लैंगिक छळाला त्याच कायद्यात कमाल तीन वर्षं शिक्षा आहे, आणि तीन वर्षांच्या गुन्ह्याला सर्वसाधारण संहितेची मुदत लागत नाही असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. शिवाय तो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासूनचा. १९८५ ची ती मुलगी आज पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, तिला तो पोचत नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यात मुदती होत्या, पण त्या तपासाच्या आणि खटल्याच्या. तीस दिवसांत हे, तीस दिवसांत ते. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आलं नाही. आलं असतं तरी तक्रारदाराच्या घड्याळाला त्याने हात लावला नसता.

यावर सोपा उपाय सुचवला जातो तो शिक्षा वाढवण्याचा, २०१३ सारखा. तो मला चुकीचा वाटतो. किमान शिक्षा चढली की न्यायाधीश दोषी ठरवायला कचरतात, आणि अश्लील शेऱ्याला पाच वर्षं कैद कुणालाच नको. वाढवलेली शिक्षा मागल्या गुन्ह्याला लावताही येत नाही, राज्यघटनेचं विसावं कलम ते अडवतं. संपलेली मुदत पुन्हा जिवंत करण्यातही अडचण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने ते करून पाहिलं, २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते घटनाबाह्य ठरवलं, आणि आरोपीच्या बाजूने तो निकाल बरोबर होता असं मला वाटतं. जर्मनीने वेगळी वाट धरली: पीडित व्यक्ती तीस वर्षांची होईपर्यंत घड्याळ थांबवलं. फ्रान्सने २०१८ मध्ये बालकावरील बलात्काराची मुदत सज्ञान होण्यापासून तीस वर्षं केली. दोन्हीकडे शिक्षा किती यापेक्षा काळ कधी सुरू होतो, याचा विचार आधी झाला.

आपल्याकडे त्यासाठी जागा तयार आहे. नव्या संहितेचं ५१५ वं कलम मुदत कुठून सुरू होते ते सांगतं. गुन्ह्याच्या तारखेपासून. गुन्हा झाल्याचं बाधित व्यक्तीला किंवा पोलिसाला ठाऊक नसेल, तर ते कळल्याच्या तारखेपासून. गुन्हेगार कोण हे ठाऊक नसेल, तर ते कळल्यापासून. ज्याला माहीत नव्हतं त्याच्याविरुद्ध काळ धावत नाही, हे तत्त्व तिथे लिहिलेलंच आहे. त्याखाली चौथं वाक्य लागेल: बाधित व्यक्ती गुन्ह्याच्या दिवशी अठराच्या आत असेल, तर ती अठराची झाल्याच्या तारखेपासून. आणि २१९ व्या कलमातलं सहावं पोटकलम काढावं लागेल. शिक्षेच्या एकाही आकड्याला हात न लावता हे होतं, आणि वयाच्या पुराव्यासाठी तोच शाळा सोडल्याचा दाखला चालतो.